रुपयाचा प्रश्न व बट्ट्याचे कागद

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९२३ त लंडन येथें प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राचा म्हणून आमच्या संग्राहक मंडळींनीं तो बहुधा बाजूसच ठेविला. ही चूक होय. कारण जुन्या जमाखर्चांतील बट्ट्याच्या नोंदी कशा वाचाव्या हें समजण्यास तो फार उपयोगी आहे.

ग्रंथांतील हकीकत थोडक्यांत अशी. इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलुखांत १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरला. इ. स. १८७१ नंतर जर्मनीनें चांदीचें चलन टाकिलें, चांदी उतरली, आणि दोन शिलिंगांजवळ असलेला रुपया घसरत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. विलायतेचा खर्च सोन्यांत भरावयाचा असल्यामुळें सरकारी तिजोरीस ओढ लागली. तेव्हां २६ जून १८९३ रोजीं लोकांच्या चांदीस टांकसाळी बंद झाल्या, व पुढें रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. तिजोरी सावरली, परंतु ज्याच्या घरीं चांदीचे दागिने होते त्यास ते टांकसाळींत देऊन रुपये करून घेण्याचा मार्ग उरला नाहीं.

येथें ग्रंथकारांचा मुख्य आक्षेप येतो. धातूचा लगाम सुटला, पण कायद्याचा पडला नाहीं. रुपये किती पाडावे हें सरकारच्या मर्जीवर राहिलें. हुंडणावळ स्थिर राहिली म्हणजे बाजारभाव स्थिर राहिले असें होत नाहीं. केन्स यांनीं इ. स. १९१३ त ज्या पद्धतीची वाखाणणी केली, तिचें हें खंडन आम्हांस सबळ वाटतें.

उणीव आहे ती आरंभींच्या भागांत. मोंगली सत्ता ढिली झाली, टांकसाळी वाढल्या, नाण्यांत हीण शिरलें, एवढेंच चित्र तेथें मिळतें; आधार मुख्यतः इंग्रजी कागदांचा. मराठी जमाखर्च पाहिले असते तर त्या गोंधळाआड चाललेला व्यवहारहि दिसला असता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशीं नाणीं एकाच वेळीं चालत. वसुलाच्या कागदांत नाण्याची जात लिहिलेली असे. दुसरें नाणें घेऊन येणाऱ्या रयतेस बट्टा सोसावा लागे, व तें बदलून देणारा सराफ त्यावर आपला नफा काढी. सरकारी पोत्यांत जें नाणें बिनबट्टा चाले, त्यास बाजारांतहि मागणी राही. घसलेलें वजन व मुलुखाचें अंतर हींहि कारणें असत. तथापि राजाज्ञेचा हात बाजारावर इ. स. १८३५ पूर्वींहि होता, हें उघड आहे.

याचा बोध आम्हांसच घ्यावयाचा आहे. सनदा व मोहोरेचे कागद आपण जपतों, आणि सराफाची वही रद्दींत जाऊं देतों. सनदेवरून राज्यकर्त्यांची इच्छा कळते. ती रयतेस कितीस पडली, हें त्या वहीवांचून कळणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं त्यांतील बट्ट्याचे दर मितिवार उतरून प्रसिद्ध करावे. मग या ग्रंथाचें पहिलें प्रकरण पुन्हां लिहितां येईल.