पृथ्वीचा अंत आणि ख्रिस्ती आशा : एका ग्रंथाचे परीक्षण

केंब्रिज विद्यापीठातील गणितीय भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद १९७९ साली सोडून १९८२ साली अँग्लिकन धर्मगुरू झालेले जॉन पोल्किंगहॉर्न (१९३०–२०२१) ह्यांचा ‘द गॉड ऑफ होप अँड द एन्ड ऑफ द वर्ल्ड’ हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ नवा नाही. परंतु सूर्यच जर एक दिवस पृथ्वीला गिळणार असेल तर प्रभूच्या पुनरागमनाचे काय, हा प्रश्न आमच्या धर्मशिक्षकांना शाळकरी मुले आजही विचारतात. आणि त्याला सरळ भिडणारे लेखक थोडे आहेत.

विज्ञानाचे म्हणणे प्रथम नीट ऐकून घेतले पाहिजे. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असता सूर्याचे तेज दर १०० कोटी वर्षांस सुमारे १० टक्क्यांनी वाढत जाते. त्यामुळे आणखी सुमारे १०० कोटी वर्षांत समुद्र आटू लागतील व जीवसृष्टी टिकणे अशक्य होईल. सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातील हायड्रोजन संपेल आणि पुढे सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा बनेल. श्रोडर व स्मिथ ह्यांनी २००८ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे सुमारे ७५९ कोटी वर्षांनी पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. म्हणजे जीवसृष्टीचा अंत पृथ्वीच्या अंताच्या फार आधी होणार आहे.

हे आकडे हाती येताच काही उपदेशक पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय उघडतात आणि प्रेषिताने हेच भाकीत केले होते असे सांगून मोकळे होतात. आम्हांस हा मार्ग घातक वाटतो. ख्रिस्ती माणसाने आकाशस्थ गोष्टींविषयी अज्ञानाने बोलून परधर्मीयांत शास्त्राचे हसे करू नये, असा इशारा संत ऑगस्टिनने उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात दिलेलाच आहे. शिवाय त्या अध्यायाच्या दहाव्या वचनात सिनाय व व्हॅटिकन ह्या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत पृथ्वीसंबंधी ‘जळून जाईल’ असे क्रियापद नसून ‘सापडेल’ अशा अर्थाचे आहे. प्रेषिताचा अग्नी न्यायाचा आहे. त्याने जे उघडे पडते ते माणसाचे कृत्य. सूर्याच्या इंधनाशी त्याचा संबंध जोडणे हे भाष्य नव्हे.

पोल्किंगहॉर्न ह्या मोहात पडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. विश्वाचे मरण आणि तुमचे आमचे मरण हा त्यांच्या मते एकाच जातीचा प्रश्न आहे. कालाचे माप तेवढे निराळे. सृष्टीच्या अंगच्या शक्तीने दोहोंपैकी एकाचेही निवारण होणार नाही. बुद्धिमान जीव विश्वाच्या अखेरीपर्यंत कसेबसे तग धरतील, असे गणित फ्रीमन डायसन ह्यांनी १९७९ साली आणि फ्रँक टिपलर ह्यांनी १९९४ साली आपापल्या रीतीने मांडले. त्याला हा लेखक आशा म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. सदूकींना उत्तर देताना प्रभूने अब्राहामाच्या देवाचे नाव घेतले, तेथेच लेखक आपला पाया घालतो. देव विश्वासू आहे, म्हणून ज्याच्यावर त्याने प्रीती केली ते तो टाकून देणार नाही. रिकामी कबर सांगते की जडद्रव्यालाही भवितव्य आहे. नवी सृष्टी शून्यातून नव्हे, तर ह्या जुन्या सृष्टीतूनच घडविली जाईल. पास्काच्या सप्ताहात प्रवचन करणाऱ्याने हा भाग अवश्य वाचावा.

मात्र दोन ठिकाणी आम्हांस थांबावे लागते. आत्मा म्हणजे देहाचा माहितीरूप आकृतिबंध. मरणानंतर तो देवाच्या स्मरणात राहतो व पुनरुत्थानाच्या वेळी पुन्हा देहधारी होतो, असे लेखक म्हणतो. आत्म्याचे स्वभावसिद्ध अमरत्व त्याला मान्य नाही. परंतु मरणानंतरही मनुष्याचा आत्मिक अंश जाणीव व इच्छा ह्यांसह टिकून राहतो, असे विश्वाससिद्धान्त मंडळाने १९७९ सालच्या आपल्या पत्रात स्पष्ट केले आहे. मृताच्या घरी जाऊन प्रार्थना सांगणाऱ्या धर्मशिक्षकाला हा भेद पुस्तकी वाटणार नाही. तेथे जमलेली माणसे कोणासाठी मिस्सा मागतात? देवाच्या आठवणीतील नकाशासाठी खचित नाही.

दुसरी उणीव अधिक टोचणारी. कोट्यवधी वर्षांची सवय झालेल्या दृष्टीला पुढची शंभर वर्षे बारीक दिसतात. संत पौल रोमकरांस लिहिताना सृष्टीच्या कण्हण्याविषयी बोलतो. आज ते कण्हणे सूर्यामुळे नाही. कोळसा व तेल जाळून माणसाने दीडदोनशे वर्षांत हवा तापविली, आणि त्याची झळ आधी लागते ती कोरडवाहू शेतकऱ्याला. नव्या पृथ्वीची अपेक्षा ही ह्या पृथ्वीची निगा राखण्याच्या कामात शिथिलता आणण्यासाठी नसून उलट उत्साह देण्यासाठी आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गाउदियुम एत स्पेस’च्या ३९व्या परिच्छेदात शिकविले. पोल्किंगहॉर्न ह्यांच्या ‘जुन्यातून नवे’ ह्या सूत्रातून हा निष्कर्ष सहज निघाला असता. जे जुने नव्यात घेतले जाणार, ते आज कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारावयाचे राहून गेले. ते काम आता आमच्या धर्मविद्यालयांतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयाचे आहे.