बाणाची लांबी

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या अर्धवाहक शोधकाची आकृती बहुधा अशी असते: गॅमा किरण आला, इलेक्ट्रॉन आणि पोकळी सुटी झाली, इलेक्ट्रॉन धनाग्रावर पोचला आणि स्पंद मिळाला. आकृती सुबक आहे, पण आमचा आक्षेप त्या ‘पोचला’वर आहे. प्रभार हलू लागताच अग्रांवर प्रवर्तनाने विद्युतधारा सुरू होते, हे शॉकली (१९३८) व रामो (१९३९) यांनी दाखवले. समांतर अग्रांमधील निम्मे अंतर कापून इलेक्ट्रॉन अडकला, तरी निम्मा प्रभार नोंदला जातो. कॅडमियम टेल्युराइडमध्ये पोकळ्या संथ चालतात, वाटेत अडकतात. म्हणून एकाच ऊर्जेचे किरण कमीअधिक खोलवर शोषले गेले की स्पंद लहानमोठे येतात. ‘पोचला की स्पंद’ या चित्रातून हे कसे उलगडणार? तेव्हा फळ्यावर बाण काढताना टोकाइतकीच त्याची लांबीही समजावून द्यावी.