चोच आणि मुसळ

‘चंचुप्रवेश’ हा शब्द मी दोन अगदी वेगळ्या सुरांत ऐकत आलो आहे. नव्या कवीने साहित्यात चंचुप्रवेश केला, असे परीक्षणात म्हटले की ते कौतुक असते. गावच्या बैठकीत परक्याच्या चंचुप्रवेशाचा विषय निघाला की ती तक्रार असते.

चंचु म्हणजे चोच. ‘चंचुप्रवेशे मुसलप्रवेशः’ या संस्कृत वचनाचा हा अर्धा तुकडा: जिथे चोच शिरली तिथे मागाहून मुसळही शिरते. मराठीने चोच ठेवली आणि मुसळ गाळले. कौतुकाचा सूर या गाळण्यातूनच आला असावा, असे मला वाटते. मावळात तरी मुसळ विसरायला नको होते. इथे भात कांडला जाई, आणि लोणावळ्याचा पाऊसही मुसळधारच!

‘अतिक्रमण’ हा त्याचा पर्याय नव्हे. अतिक्रमणात ओलांडलेली हद्द दाखवता येते, मोजणी मागवता येते. ‘शिरकाव’ जवळचा आहे, पण त्यात पुढची धास्ती नाही. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीत थोडा दोष यजमानाकडेही जातो, कारण ओसरी त्यानेच दिलेली असते. चोच विचारून शिरत नाही.

हा अर्थ अक्षरशः घडलेला पाहायचा तर मुळशीकडे वळावे लागते. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. लोणावळा, वळवण, शिरवता येथे पाणी अडवून १९१५ साली खोपोलीला वीज निघू लागली. मग टाटा कंपनी शेजारच्या मुळशी पेट्यात आली, आणि जमिनीचे रीतसर संपादन होण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. चर म्हणजे काय, चार कुदळींचे काम. पण मावळ्यांनी त्यात धरण पाहिले. लोणावळ्याचे तलाव फार लांब नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली.

एरवी हा शब्द आपल्याला मुसळ शिरल्यावर सुचतो. मुळशीकरांनी चोच शिरतानाच ती ओळखली होती.

नव्या कवींच्या परीक्षणात मी आता साधे ‘पहिला संग्रह’ असे लिहितो.