पॅसिव्ह व्हॉइसला विनाकारण शिक्षा
इंग्रजीत निबंध किंवा रिपोर्ट लिहिताना वाक्याखाली रेघ उमटते: पॅसिव्ह व्हॉइस टाळा. आपणही मुकाट्याने वाक्य बदलतो. पण हा नियम सांगणाऱ्यांना तरी पॅसिव्ह नीट ओळखता येतो का?

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ज्यावर वाढल्या, ते स्ट्रंक आणि व्हाइट यांचं 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' घ्या. स्ट्रंक यांचं हे 1918 चं पुस्तक व्हाइट यांनी 1959 मध्ये वाढवून काढलं. त्यात या नियमाखाली दुरुस्तीच्या चार जोड्या दिल्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं, की 'चुकीच्या' म्हणून दिलेल्या चारपैकी तीन वाक्यांत पॅसिव्ह नाहीच! पॅसिव्ह कधीकधी गरजेचा असतो, हेही त्याच पुस्तकात आहे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त नियम. ऑर्वेल यांनीही 1946 च्या प्रसिद्ध निबंधात पॅसिव्ह टाळायला सांगितलं. त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पॅसिव्ह आहे.

मग ओळखायचा कसा? क्रियापदापुढे 'बाय आजी' जोडून बघा. 'द कप वॉज ब्रोकन बाय आजी' बसतं, म्हणजे पॅसिव्ह. 'द कप ब्रोक बाय आजी' बसत नाही, म्हणजे ॲक्टिव्ह. आणि गंमत बघा, 'द कप ब्रोक' ॲक्टिव्ह असूनही त्यात कप फोडणारा गायबच आहे.

इथे आपली मराठी कामाला येते. 'मी कप फोडला', 'माझ्याकडून कप फुटला', 'कप फुटला': जबाबदारी कशी पायरीपायरीने उतरत गेली! लहानपणी आईसमोर यातलं कुठलं वाक्य निवडलं होतं, आठवतंय ना?

फक्त एक सांभाळा. 'मी कप फोडला' हा आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: कप फोडला, बशी फोडली. पण इंग्रजीत त्याचं 'आय ब्रोक द कप' असं सरळ ॲक्टिव्ह वाक्य होतं. त्यामुळे कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

1987 मध्ये इराण-काँट्रा प्रकरणाबद्दल बोलताना रेगन म्हणाले, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड'. चुका केल्या कोणी? हे विचारायलाच हवं. पण 'मिस्टेक्स हॅपन्ड' असं ॲक्टिव्ह वाक्य असतं, तरी तो प्रश्न तसाच राहिला असता. उलट 'केनेडी वॉज असॅसिनेटेड इन 1963' यात लपवाछपवी नाही. बोलणं केनेडींबद्दल चाललंय, म्हणून त्यांचं नाव आधी आलं, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी रेघ दिसली, की दोनच प्रश्न विचारा. हे वाक्य कोणाबद्दल आहे? आणि ज्याचं नाव यायलाच हवं, ते आलंय का? उत्तरं पटली, तर रेघेकडे खुशाल दुर्लक्ष करा.