ओढली जाणारी गुराब

लाकडी जहाजाची प्रतिकृती पाहणाऱ्याची नजर बहुधा आधी शिडांवर जाते. फुगलेली शिडे, ताणलेले दोर, वर फडकणारे निशाण एवढे दिसले की माणूस वा म्हणून पुढे सरकतो. नागपुरातल्या एका हौशी कारागिराच्या ज्या कामाबद्दल मी लिहितो आहे, त्यात एकही शीड फुगलेले नाही. एका लांब पाटावर दोन जहाजे आहेत. मागे मराठा आरमारातली दोन डोलकाठ्यांची गुराब आणि पुढे तिला दोराने ओढत नेणारे गलबत. वारा पडलेला आहे. गुराबेच्या डोलकाठ्या उघड्या आहेत आणि गलबताची वल्ही बाहेर आली आहेत. देखणेपणाची सगळ्यांत सोपी वाट कारागिराने सोडून दिली आहे. तरीही ही जोडी मला फार मोलाची वाटते.

युरोपातली प्रसिद्ध जहाजे करणाऱ्याला हाताशी खूप काही असते. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ १७६५ साली पाण्यात उतरले. ते आजही पोर्टस्मथला उभे आहे आणि त्याचे तयार संचही मिळतात. गुराबेचे तसे काही नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. कान्होजींच्या काळापासून इंग्रज, पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांना धाकात ठेवणारी जहाजे त्या एका प्रसंगात राख झाली. आज मापे घ्यायला मूळ गुराब नाही. जिच्यावर विसंबता येईल अशी मोठी साक्ष शत्रुपक्षाच्या माणसाची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली निघाला. आंग्र्यांच्या जहाजांचे त्यातले वर्णन मोजके असले तरी सुताराच्या उपयोगी पडेल इतके नेमके आहे. आपली प्रतिकृती या वर्णनाशी ताडून पाहिली की तिच्यातला रस उलगडू लागतो.

सुरुवात नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून करावी. ऑर्म सांगतो की दोन डोलकाठ्यांच्या गुराबा दीडशे टनांच्या आत असत, पाण्यात फार कमी बुडत आणि लांबीच्या मानाने बऱ्याच रुंद असत. मध्यापासून टोकाकडे त्या निमुळत्या होत जात आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच काढत. या चोचीवर भक्कम तक्ता असे, पण त्याला कठडा नसे. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात आपटे. अशा वेळी तक्त्यावर चढलेले पाणी न अडता वाहून जावे म्हणून तो मोकळा ठेवत. आपल्या कारागिराने हा तक्ता तसाच उघडा ठेवला आहे. तिथे नाजूक कठडा बसवण्याचा मोह किती मोठा असतो, हे प्रतिकृती करणाराच जाणे. इथे फक्त फळ्या आहेत आणि त्याही उरलेल्या तक्त्यापेक्षा किंचित फिक्या. वरचेवर खारे पाणी खाल्लेले लाकूड असेच दिसणार. त्या फिकेपणातून लाट न दाखवताही समुद्र येतो.

चोचीच्या मागे आडवी लाकडी भिंत आणि तिच्यात दोन चौकोनी भोके. त्यांतून दोन तोफा समोर रोखलेल्या आहेत. ऑर्मच्या नोंदीप्रमाणे या नऊ किंवा बारा पौंडी असत आणि बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. नऊ पौंडी तोफेचे तोंड सुमारे १०७ मिलीमीटर रुंद. या प्रतिकृतीच्या प्रमाणात, म्हणजे ४८ पट लहान केले की ते दोन मिलीमीटरहून जरासे मोठे उरते. पितळेच्या काडीत एवढे भोक मधोमध पाडणे हे सरावाचे काम आहे आणि ते इथे स्वच्छ झाले आहे. त्याहून मला भावली ती तोफांची जागा. आंग्र्यांच्या गुराबा सावजाच्या पाठीमागे जमत आणि याच पुढच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करत. तिन्ही डोलकाठ्या एका रेषेतून नुकत्याच सुटू लागल्या की नेम उत्तम लागे. डोलकाठ्या कोसळल्यावर जहाज पळणार कुठे? मग जवळ येऊन चहूबाजूंनी मारा करायचा, आणि तरीही कोणी हटून बसले तर माणसांनी भरलेली गलबते पाठवायची. ही सगळी युद्धनीती त्या दोन भोकांत आणि उघड्या चोचीत आहे. चोच तोफांच्या रेषेहून बोटभर जरी वर गेली असती, तरी प्रतिकृती सुंदर पण खोटी झाली असती.

आता लाकूड. कोकणातल्या जहाजांना सागवान लागे आणि विदर्भात सागाला तोटा नाही. बल्लारपूर-आलापल्लीचा साग देशभर जातो. तरी या गुराबेची अंगफळी सागाची नाही, हळदूची आहे. सागाची मोठी छिद्रे पाव मिलीमीटरच्या आसपास असतात. ४८ पटींच्या हिशेबात ती फळीवर १२ मिलीमीटरची भोके होतात आणि डोळ्याला जहाज नव्हे, लाकडाचा तुकडा दिसू लागतो. हळदूचा पोत बारीक आणि एकसारखा, रंग पिवळसर. खऱ्या जहाजाचे लाकूड वापरले की प्रतिकृती खरी होते, ही समजूत इथे मोडते. लहान आकारात साग दिसावा म्हणून साग टाळावा लागतो. नागपूरच्या हवेचाही विचार यात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत हवा ओली होते. या दोहोंमध्ये लाकूड आक्रसते आणि फुगते. कापलेल्या पट्ट्या एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा घरातच ठेवून मग बसवल्यामुळे तळाच्या पठाणापासून, म्हणजे कण्यापासून, वरच्या काठापर्यंत कुठेही सांध उघडलेली नाही.

यानंतर दोरकाम, कारण या रचनेचा प्राण गलबत आणि गुराब यांच्यामधल्या एका दोरात आहे. बाजारातला दोरा जसाच्या तसा चालत नाही. त्यावर लव असते आणि त्याचा पीळ दोरखंडाचा वाटत नाही. इथे तीन पदर एका दिशेला पिळून, मग ते एकत्र उलट दिशेला वळले आहेत. खरा दोरखंडही असाच वळतात. उलटा पीळ एकमेकाला धरून ठेवतो म्हणून तो उसवत नाही. नंतर ज्योतीवरून झरकन फिरवून लव जाळली आहे आणि मेण चोळले आहे. खरी अडचण पुढे आहे. लांबी ४८ पटींनी कमी केली की वजन १ लाख १० हजार पटींनी कमी होते. मोठा दोर स्वतःच्या भाराने मध्ये झोल खातो, पण बारीक दोऱ्याचा ताठपणा त्याच्या वजनाला भारी पडतो आणि तो तारेसारखा अडून राहतो. म्हणून पातळ गोंदात भिजवून, टाचण्यांवर हवा तेवढा झोल देऊन तो वाळवावा लागतो. या दोराचा झोल अगदी थोडा आहे. आणखी सैल असता तर गलबत ओढत नाही असे वाटले असते, आणि सरळ असता तर तो दोर न राहता रेघ झाला असता. वल्ही नुकतीच पाण्याला लागली आहेत आणि मागचे ओझे हलायला सुरुवात झाली आहे, हे त्या एका वळणातून कळते.

गुराबेच्या शिडांबाबतचा निर्णयही विचार करून घेतलेला आहे. गलबताच्या शिडाचे ऑर्म नीट वर्णन करतो: मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड, चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. गुराबेच्या शिडांबद्दल मात्र तो गप्प आहे. वारा नसला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढत नेत, हे तोच सांगतो. कारागिराने नेमका तो क्षण निवडला. शीड नसण्याला त्यामुळे कारण मिळाले आणि माहिती नसलेल्या जागी कल्पनेची भर घालावी लागली नाही. गलबताचे परबाण, म्हणजे शीड बांधायचा दांडा, खाली उतरवलेले आहे. ते डोलकाठीपेक्षा लांब आहे, एवढ्यावरून न दिसणाऱ्या शिडाचा आकार मनात उभा राहतो.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. चाळीस-पन्नास वल्ही आणि एकेका गलबतात दोन-तीनशे माणसे, असे ऑर्म लिहितो. या गलबतावर एकही माणूस नाही. प्रतिकृतींमध्ये माणसे टाळण्याचा संकेत जुना आहे आणि बंदरात उभ्या जहाजाला तो शोभतो. पण इथे वल्ही पाण्यात आहेत, दोर ताणला जातो आहे आणि मारणारे हात गायब आहेत. साडेतीन सेंटीमीटरची माणसे वल्ह्यांवर बसली असती, तर जहाजाचे माप कळले असते आणि आरमार चालवणाऱ्या भंडारी-कोळ्यांनाही त्यांची जागा मिळाली असती. पुढच्या कामात ती यावीत.

समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात हे काम व्हावे, यात मला नवल वाटत नाही. रघूजी भोसल्यांना १७५१ मध्ये ओडिशा मिळाल्यापासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूरच्या राज्याची सीमा बंगालच्या उपसागराला भिडलेली होती. आणि ज्याला समुद्र रोज दिसत नाही, त्याला प्रत्येक फळीचे कारण शोधावे लागते. या गुराबेत ते शोधणे जागोजागी दिसते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती करणे हा स्पर्धेचाच विषय आहे आणि नागपुरातही या विभागाचे छात्र आहेत. त्यांना, त्यांच्या शिक्षकांना आणि घरी हा छंद जोपासणाऱ्या प्रत्येकाला एक सांगणे आहे. ‘व्हिक्टरी’चा संच जरूर जोडा, त्यातून हात तयार होतो. पण त्यानंतरचे जहाज गुराब किंवा गलबत असू द्या. ‘व्हिक्टरी’ पाहायला पोर्टस्मथला जाता येते. गुराब पाहायची असेल, तर ती कोणीतरी पुन्हा घडवावी लागते.