सुईचे वळण आणि अचूकतेचे माप

वेब्स्टर, किम, कोवन, चिरिकजिअन आणि ओकामुरा ह्यांनी २००६ साली लवचीक सुईच्या गतीचे जे गणिती प्रतिमान मांडले, त्याची दखल घेतल्यावाचून ह्या विषयाची चर्चा पुरी होत नाही. तिरपे कापलेले टोक असलेली बारीक सुई ऊतकात शिरताना एका बाजूस वळते. नेम चुकविणारा दोष म्हणूनच एरवी ह्या वळणाकडे पाहिले जाते; ह्या संशोधकांनी त्यालाच सुकाणू केले. सायकल आडवी सरकत नाही, तथापि पुढे जाणे आणि वळणे ह्यांच्या मेळाने इष्ट स्थळी पोहोचते. सुईचेही तसेच. ती किती ढकलावी आणि स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरवावी, एवढेच आपल्या हाती असते. अर्धा फेरा दिला की वळणाची दिशा उलटते. कल्पनेचे हे लाघव निःसंशय स्पृहणीय आहे.

प्रश्न आहे तो पुराव्याच्या व्याप्तीचा. प्रतिमानातील स्थिरांक एकजिनसी, स्थिर अशा कृत्रिम ऊतकातील प्रयोगांवरून काढलेले आहेत. पहिले पाऊल म्हणून ते योग्यच होय. परंतु अशा माध्यमात मिळालेली अचूकता रुग्णाच्या देहातही मिळेल, असे गृहीत धरणे सयुक्तिक नाही. त्वचा, मेद, स्नायू आणि इंद्रियाचे आवरण ह्यांचा विरोध निरनिराळा असतो. यकृत श्वासाबरोबर वरखाली होते. पुरःस्थ ग्रंथी सुईच्या दाबाने सरकते. शिवाय श्राव्यातीत ध्वनीच्या द्विमितीय चित्रात एकच प्रतल दिसते; टोक त्या प्रतलाबाहेर गेले, तर दांड्याचा छेदच टोक समजला जाण्याचा संभव असतो. तेव्हा सुईचे वळण, लक्ष्याचे सरकणे आणि चित्राचा भ्रम ह्या तिन्हींचा विचार केल्याशिवाय अचूकतेचे माप पुरे होत नाही.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा आग्रह नव्हे. लहान गाठीस चुकवून शेजारच्या निरोगी ऊतकाचा नमुना घेतला गेला, तर ‘कर्करोग नाही’ हा अहवाल त्या नमुन्यापुरता खरा आणि रुग्णापुरता खोटा ठरतो. उपचार मात्र लांबतो. म्हणून ह्या क्षेत्रातील प्रबंधकाराने अचूकतेचा आकडा देताना तो कोणत्या माध्यमात, कोणत्या चित्राच्या आधारे आणि लक्ष्य स्थिर असता की हलते असता मोजला, हे त्याच वाक्यात सांगावे. त्यावाचून तो आकडा सुईविषयी काही सांगेल, रुग्णाविषयी नाही.