अर्धांग आणि अक्षर

झाँ-दोमिनिक बोबी हा 'एल' या फ्रेंच नियतकालिकाचा संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजी मस्तिष्कस्तंभाला आघात होऊन त्याचे जवळजवळ सर्वांग निश्चल झाले. डाव्या पापणीच्या उघडझापीने त्याने जे पुस्तक सांगितले, ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. मूळ नावाचा अर्थ 'पाणबुड्याचा पोशाख आणि फुलपाखरू'.

या पुस्तकाची थोरवी बहुधा इच्छाशक्तीच्या खात्यावर जमा होते. हे वाचन अपुरे आहे. प्रत्येक ओळीमागे वर्णमाला पुनःपुन्हा म्हणणाऱ्या क्लोद माँदिबिल आहेत. गद्याची आटोपशीर लय त्यांच्याही सबुरीने घडली, आणि आरंभीच त्यांचे ऋण मानण्याइतका बोबी प्रामाणिक आहे. त्याचे हातपाय हलविणाऱ्या व्यायामोपचारतज्ज्ञ बाईंना मात्र तो चार मिस्कील वाक्यांत निकालात काढतो. येथे तो उणा पडतो.

पेण-रोह्याच्या वाचकाला नेमके तेच पान हवे असते. आपल्याकडे रुग्ण घरी आला की तेलाचे मालीश सुरू होते. 'अर्धांगवायू'तल्या 'वायू'चाच हा प्रताप! बिघाड असतो मेंदूत. उठून बसणे, वाटी उचलणे या हालचाली रुग्णाने जमेल तितक्या स्वतः, शेकडो वेळा केल्या, तर मेंदूत नव्या वाटा जुळू लागतात. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला हात बसतो, तो असाच. लुळा हात धरून रुग्णाला ओढू मात्र नये, खांदा निखळतो. ही सारी मोजदाद घरात बहुधा पत्नी किंवा सून करते, आणि आपल्या आजारकथांत ती चहा घेऊन येण्यापुरतीच दिसते.